महादूमामाचा बेंजो

मित्रांनो, मी एक जुना बेंजो आहे, आणि आज मला अजिबात दम धरवत नाही! सकाळपासून माझ्या तारा नुसत्या शिवशिवताहेत. आज संध्याकाळी वेसाव्याच्या कोळीवाड्यात, आमच्याच गल्लीत, उत्तरा नावाच्या मुलीची हळद आहे आणि वर्षभरानंतर मी वाजणार आहे. थोडक्यात वाचलो म्हणून वाजणार आहे, नाहीतर एव्हाना समुद्राच्या तळाशी माझ्या बटणांवर खेकडे फिरत असते. थट्टा नाही करत, सगळं सांगतो.

माझा जन्म कुर्ल्याच्या एका छोट्या कारखान्यातला. लाकडी पेटी, त्यावर टाईपरायटरसारखी बटणं आणि खाली तारा. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. सहा महिने मी तिथल्या फळीवर धूळ खात पडलो होतो. मग एक दिवस महादूमामा आला. त्याच्या अंगाला मासळीचा वास येत होता, म्हणून कारखानदाराने नाक मुरडलं. मामाने तिकडे लक्षच दिलं नाही. त्याने एकामागून एक सगळे बेंजो वाजवून पाहिले आणि मला काखोटीला मारून निघाला.

महादूमामा म्हणजे कोळीवाड्याच्या बेंजो पार्टीचा जीव. पहाटे होडीवर, दुपारी जाळी दुरुस्त करायला आणि संध्याकाळी कुणाच्यातरी हळदीत. ढोलकीवर राजाराम, पुढे मामा आणि मी, हातगाडीवर भोंगा. जुहूपासून मढपर्यंत आमच्याशिवाय कुणाला हळद लागतच नसे. हे मी जरा फुगवून सांगतोय, पण तुम्ही तेव्हा तिथे नव्हतात, त्यामुळे ऐकून घ्या. म्हाताऱ्या बायका काठ्या टाकून नाचायच्या, हे मात्र अगदी खरं.

मामाला मूलबाळ नव्हतं. भाची कमळ हीच त्याची लेक. कमळची आई सोनूबाई, म्हणजे मामाची मोठी बहीण, दुपारी अंधेरीच्या बाजारात मासळी विकायला बसे. तेवढा वेळ कमळ मामाकडे. मामाचे दोन्ही हात जाळ्यात गुंतलेले, म्हणून तो नुसतं तोंडाने गाणं म्हणे आणि कमळ ते माझ्या बटणांवर शोधे. चुकली की मामा फक्त "हुं" करी. एवढीच शिकवणी. वनमालामामी आत भात टाकता टाकता सगळं ऐके आणि कुणाकडे बोलत नसे. बेंजो पार्टीत मुलगी? सोनूबाईला कळलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

चौऱ्याऐंशी सालच्या होळीनंतर एका दुपारी मामा मांडीवर जाळं घेऊन बसला, तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. समोर मी कमळच्या पुढ्यात होतो. गाणं अर्धंच झालं होतं. फार वाईट वाटलं हो मला. अजून वाटतं.

मला खोक्यात घालून झाकण लावलं. आणि दुसऱ्याच दिवशी घोटाळा झाला. शेजारी मासळीसाठी बर्फ फोडायचं नवीन मशीन बसलं होतं. ते सुरू झालं की जमीन थरथरायची आणि बंद खोक्यात माझ्या तारा आपोआप गुणगुणायच्या. रडणारं घर चिडीचूप झालं. सोनूबाईने छातीवर हात मारून घेतला. माझ्या भावाचा जीव यात अडकलाय, म्हणाली, तो सुटायला बघतोय. अगं बाई, मशीन आहे ते, मशीन! पण माझं ऐकतो कोण? कमळने दोनदा सांगून पाहिलं की मशीन थांबलं की आवाजही थांबतो. तिला गप्प बसवलं. मोठ्यांनी ठरवून टाकलं की दहाव्याला अस्थींबरोबर बेंजोही समुद्रात सोडायचा. सगळं प्रेमापोटी बरं का, राग कुणाचाच नव्हता. पण प्रेमाने बुडवलं तरी बुडायचंच ना!

एरवी बायका होडीवर जात नाहीत, पण सोनूबाईला अडवायची कुणाची छाती? ती कमळला घेऊन बसली आणि कमळ मला घेऊन. खोल पाण्यात इंजिन बंद केलं. राजारामने अस्थी सोडल्या. मग त्याने माझ्यासाठी हात पुढे केला. कमळ मला सोडेना.

"एकदा वाजवते," ती म्हणाली, "मग सोडा."

सोनूबाईला वाटलं, पोर दुःखाने भ्रमिष्ट झाली. "तुला कुठे येतंय गो?"

मामाबरोबर अर्धं राहिलेलं ते हळदीचं गाणं कमळने सुरू केलं. पहिली ओळ तर पार घसरली. मग बोटं सावरली, आणि काय सांगू मित्रांनो, मी असा खणखणीत बोललो की नाखवा सुकाणू सोडून उभा राहिला! राजाराम फळीवर ठेका धरून बसला. मामाची एक खोड होती. गाणं संपलं, लोक टाळ्या वाजवू लागले, की तो मागाहून तारेवर एक जादा टणका मारायचा. सोनूबाई त्यावरून त्याला दरवेळी शिव्या घालायची. कमळने तो टणका मारला.

सोनूबाई हसली आणि हसता हसताच हंबरडा फोडून रडली. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले.

"कधी शिकलीस?"

"तू बाजाराला गेलीस की. मामाने शिकवलं."

सोनूबाईने मला लेकीच्या मांडीवर नीट सरकवलं. "एकाला सोडलं, बास झालं," ती म्हणाली. "याला नाय सोडत. होडी फिरवा."

वर्षभर घरात वाद्य वाजवायचं नव्हतं. कमळ माझ्या तारांखाली टॉवेलची घडी सारून मुक्याने सराव करायची. आता वर्ष सरलं, आणि आज मामाच्या जागी कमळ वाजवणार. पार्टीतल्या दोघातिघांनी कुरकुर केली, पण राजाराम म्हणाला, पोरीचा हात महादूचा आहे, ज्याला पटत नाही त्याने ढोल घरी ठेवावा. कुणीही ठेवला नाही!

मित्रांनो, तुमच्या घरातलं लाडकं माणूस गेलं, तर त्याच्या वस्तूंना कवटाळून खुशाल रडा. पण त्या टाकायची घाई करू नका, आणि नुसत्या झाकूनही ठेवू नका. ज्याला त्या वापरता येतात त्याच्या हातात द्या. आम्हाला तेवढंच हवं असतं.

मघाशी वनमालामामीने माझी बटणं तेलाच्या फडक्याने पुसली. नवरा गेलेली बाई हळदीला जात नाही, अशी रीत आहे, म्हणून ती घरीच थांबणार आहे. कमळ तिच्या पाया पडली तेव्हा मामी म्हणाली, "जोरात वाजव गो. मला दारात बसून ऐकू आलं पाहिजे."

भोंग्यापाशी कोण उभं आहे तिकडे? अहो, आवाज वाढवा!