दुसरा रिमोट

मित्रांनो, मी व्हिडिओ गेमचा जुना रिमोट आहे, आणि त्यातही दुसरा. पहिल्या रिमोटवर एकट्यालाही खेळता येतं. मला हातात घ्यायला मात्र दुसरं माणूस लागतं.

आम्ही जुळे भाऊ. मालेगावच्या बाजारातून महेबूबभाईंनी आम्हाला लेकीसाठी, खुशनुमासाठी, घरी आणलं. महेबूबभाई यंत्रमागावर कापड विणत. मागांच्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. दोन्ही चिमट्या जुळवून झटक्यात दूर केल्या की समजायचं, धागा तुटला, धावत ये. घरीही ते तसंच बोलत आणि खुशनुमा खुदखुदत असे.

शुक्रवारी माग बंद. त्या दिवशी बापलेक टीव्हीपुढे बसत. माझ्या इवल्या अंगणात महेबूबभाईंचे अंगठे फुगडी घालत.

"अब्बा, उडी मारा ना! पडलात परत खड्ड्यात!"

"अगं, हा खड्डा मध्येच कुठून येतो? मागावर असली फसवणूक नसते बघ!"

मग एका सकाळी महेबूबभाईंना लकव्यानं गाठलं. डावा हात लुळा पडला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "गेम खेळता ना? खेळत राहा. डोळ्यांनी पाहायचं, मेंदूनं ठरवायचं, बोटानं दाबायचं. पुन्हा पुन्हा चाललं की ही वाट मळते."

खुशनुमा रोज शेजारी बसू लागली. आधी अंगठा नुसता थरथरे, मग बटण दाबू लागला. एके दिवशी त्या हाताच्या चिमटीत धागा राहिला, तेव्हा तिची आई मासूमाभाभी ओढणीनं डोळे पुसत आत गेली. आता मागावर परतणं फार लांब नव्हतं.

पुढे खुशनुमाला मोबाइल मिळाला. त्यातल्या खेळाला शेवटच नाही. एक डाव संपला की दुसरा आपणहून सुरू. तिची नजर चपळ झाली, हे खरं. पण ताटातली भाकरी गार होऊ लागली, वाचलेला धडा डोक्यात टिकेना. कानात सदा इयरफोन.

"खुशी, येतेस का गं?" महेबूबभाई मला हातात घेऊन विचारत. तिचा अंगठा मोबाइलवर सरकतच राही.

"तुम्हीच खेळा की एकटे," मासूमाभाभी म्हणे.

"एकट्याची कसली हार नि कसली जीत?"

ते मला खाली ठेवत. शुक्रवार येई, शुक्रवार जाई. माग मुके, घर मुकं, धुळीत मीही मुका. त्यांची बोटं पुन्हा आखडू लागली.

अशाच एका शुक्रवारी ते लेकीसमोर जाऊन उभे राहिले. हाक मारली नाही. उजवी चिमटी जुळवली. डावा हात कसाबसा उचलला, पण त्याची चिमटी काही जुळेना.

खुशनुमानं मान वर केली. ती खूण तिला लहानपणापासून ठाऊक होती. अर्धीच राहिलेली मात्र ती पहिल्यांदा पाहत होती. तिनं इयरफोन काढले.

"अब्बा, हात... कधीपासून असा?"

"तू मला हरवायला येत नाहीस तेव्हापासून," ते हसून म्हणाले.

तिनं मोबाइल उपडा ठेवला. ओढणीच्या टोकानं मला पुसलं आणि त्यांचं एकेक बोट उचलून माझ्यावर ठेवलं.

आता रोज संध्याकाळी आमचा डाव होतो. अजान झाली की टीव्ही बंद. मग मी कपाटात एकटा, उद्याची वाट पाहत. डावी चिमटी अजून पुरती जुळत नाही.

मित्रांनो, खेळा, जरूर खेळा. पण खेळता खेळता मधूनच मान वर करून पाहा. कुणीतरी आवाज न करता तुम्हाला बोलावत असेल.