सुकाणूचं कापड

दवाखान्यामागच्या गॅरेजात गाडी कधी राहिलीच नाही. तिथे एक विमान राहत होतं. दोन माणसांचं, हलकं, वेलीसारखं हळूहळू वाढलेलं. दातांच्या डॉक्टरांनी दुपारच्या सुट्टीत एकेक नळी जोडत त्याचा सांगाडा उभा केला होता आणि त्याला अंगभर कापड चढवलं होतं त्यांच्या बायकोने. ती शिवणकाम करायची. अर्ध्या वस्तीचे कपडे तिच्या सुईखालून गेलेले. पंख अजून भिंतीला टेकून उभे होते. वरच्या झरोक्यातून ऊन उतरलं, की त्या पांढऱ्या कापडाने सगळी खोली दुधात बुडाल्यासारखी व्हायची. थोरली नणंद चहा घेऊन यायची, विमानाभोवती एक चक्कर मारायची आणि म्हणायची, की आमच्या भावाला पाळण्यातून उतरवायला उशीर झाला, त्याचीच ही फळं.

त्या दुपारी शेपटीला सुकाणू बसवायचं होतं. सुकाणू म्हणजे शेपटीवरचं उभं पान, दारासारखं तीन बिजागऱ्यांवर झुलणारं. पायाने दाबावं तसं ते डावी-उजवीकडे वळतं आणि विमानाचं तोंड वळवतं. कापड चढवण्याआधी नुसता सांगाडा लावून पाहिला होता, तेव्हा तो फुंकरीनेसुद्धा हलला होता. आता वरची खीळ बसली, खालची बसली, मधली मात्र काही केल्या आत जाईना. ठोकून घातली, तर सुकाणू डावीकडे वळताना अडायला लागलं, रुसून बसलेल्या पोरासारखं.

डॉक्टरांनी ते काढून टेबलावर आडवं ठेवलं, बराच वेळ न्याहाळलं आणि बायकोला म्हणाले, किरकोळ आहे, मी बघतो, तू जरा पड. ते 'किरकोळ' तिला खटकलं. अक्कलदाढ उपटायच्या आधी पेशंटलाही ते असंच सांगायचे.

ती पडली. डोळा लागला न लागला तोच तिला दिसलं, की आभाळाला एक दार आहे, पांढऱ्या कापडाचं. डॉक्टर त्या दाराशी उभे, दार ढकलताहेत. दार हलत नाही. ती खाली अंगणात हातात सुई घेऊन उभी, टाचा उंचावतेय, आणि हात पुरत नाही.

ती उठली आणि पदर सावरत तशीच गॅरेजात आली. नवं विमान पहिल्यांदा उडवताना दुसऱ्या कुणाला बरोबर नेत नाहीत. डॉक्टर एकटेच वर जाणार होते. तिच्याकडचं काही बरोबर जाणार असेल, तर ते एवढं कापडच.

डॉक्टर गोल कानस घेऊन मधल्या बिजागरीवर वाकले होते. भोक जरासं सैल करतो, खीळ आपोआप जाईल, म्हणाले.

"आणि वर गेल्यावर खुळखुळली म्हणजे?"

डॉक्टरांची कानस हवेतच थांबली. तिने भोकाच्या कडेवरून नख फिरवून पाहिलं. देवाची कृपा, अजून ओरखडा उठला नव्हता.

मग तिने रिळाचा दोरा तिन्ही भोकांतून ओवला आणि ताणून धरला. वर तो मधोमध होता, खालीही मधोमध. मधल्या भोकात मात्र कडेला घासत होता. तिने उभ्या नळीवरून तळवा फिरवला. नळीला बारीक पोट आलं होतं. कापडावरून हात फिरवला, आणि तिच्या बोटांना सगळं उमगलं. हे कापड इस्त्रीच्या धगीने आवळतं. दोन्ही बाजू थोड्या-थोड्या, आळीपाळीने आवळायच्या असतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिने मानही डोलावली होती. पण हाताला सवय शर्टाची. तिने एक बाजू सुरकुती न ठेवता पुरी केली आणि मगच पान उलटलं. पहिल्या बाजूने तोवर तो नाजूक सांगाडा आपल्याकडे ओढून घेतला होता.

"तुम्हाला कळलं होतं," ती म्हणाली.

"नळी पाहिली तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

डॉक्टरांनी कानस पुसली. तिला पुसण्यासारखं काही लागलं नव्हतं. "इतकं सुरेख बसलं होतं गं ते. तू येता-जाता त्याच्यावरून हात फिरवायचीस. म्हटलं, एवढ्याशा भोकासाठी कशाला तुझं मन..."

तिला हसू आलं आणि रडूही आलं.

"अहो, माझं मन राखायला तुम्ही आभाळातून पडणार होतात? आणि मी खाली बसून काय करायचं, कापडाचं कौतुक?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. कात्री तिनेच घेतली. आपलं सगळ्यात देखणं काम तिने वरून खालपर्यंत एका दमात उभं चिरलं. मग दुसरी बाजू. कापड सुटलं तशी नळीने अंग सैल सोडलं, कुणी डोक्यावरचा भारा उतरवावा तसं. पुन्हा दोरा ओवला. तो तिन्ही भोकांतून कुठेही न टेकता गेला. सांगाडा शेपटीला लावला, तर मधली खीळ बोटाने ढकलताच आत गेली.

नवं कापड बेतायला, चिकटवायला काही दिवस गेले. इस्त्री करायची वेळ आली, तेव्हा तिने सुकाणू दोन स्टुलांच्या मध्ये उभं केलं आणि पलीकडे नवऱ्याला उभं केलं, नणंदेची इस्त्री हातात देऊन. जन्मात ज्यांनी स्वतःच्या रुमालाला इस्त्री केली नव्हती, ते डॉक्टर श्वास रोखून उभे राहिले. नणंद दारातूनच म्हणाली, की विमान राहू दे, हे बघायलाच तिकीट लावा.

मग नणंद गेली आणि गॅरेजात फक्त तापलेल्या कापडाचा वास उरला. ऊन डॉक्टरांच्या पाठीमागून येत होतं. दोन्ही कापडांतून आरपार होऊन त्यांच्या हाताची सावली तिच्या बाजूला उतरली होती. सावली सरकली, की ती आपली इस्त्री सरकवायची. सावली थांबली, की ती थांबायची. माणूस दिसत नव्हता, फक्त त्याचा हात पाण्याखालून चालल्यासारखा चालत होता, आणि तिला वाटलं, इतक्या वर्षांत आपण दोघं एकाच कामाला असे समोरासमोर कधी उभे राहिलोच नाही.

वरच्या कोपऱ्याशी सावली अडखळली.

"इथे तू जास्त ओढलंस," पलीकडून आवाज आला. जरा भीतभीत, पण स्पष्ट. "चुकतंय तुझं."

तिने इस्त्री उचलली, आणि सावली तिच्यापर्यंत पोचेस्तोवर ती थांबून राहिली.