सामानाच्या दाराचा आवाज

मित्रांनो, आधी या नव्या इंजिनिअरची तक्रार ऐका. रोज सकाळी येतो, माझं सामानाचं दार धाडकन आपटतो आणि फोनवर बोलत चालू लागतो. वडीलधाऱ्यांशी असं वागतात?

मी एक जुनं, सहा माणसांचं छोटं विमान आहे. शिक्षण म्हणाल तर शेपटीवर रंगवलेले चार आकडे, तेवढेच मला वाचता येतात. पण आज आभाळात माझ्या तोंडवळ्याची जेवढी विमानं फिरतात, त्या सगळ्या माझ्या लेकी.

माझा जन्म मोटारींच्या कारखान्यात झाला. माझा आराखडा काढणाऱ्या मोठ्या बाईंनी माझी इंजिनं शेपटीजवळ न लावता पंखांवर उभी केली. लोक हसले, "बाई, पंखांवर पिंपं ठेवलीत का?"

"हसा. मागे सामानाला जागा किती झाली ते बघा," बाई म्हणाल्या. पंधरा वर्षं त्या माझ्यासाठी झिजल्या.

पहिल्या उड्डाणाला कारखान्याचे मालक आले. "आज हे उडालं नाही, तर आपण बरे आणि आपल्या मोटारी बऱ्या," त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

तेवढ्यात दारवाले काका पुढे झाले. तीस वर्षं मोटारींची दारं आपटून, आवाजावरून ती तपासणारा माणूस. सवयीनं त्यांनी माझंही सामानाचं दार आपटलं!

"अहो काका, ही काय मोटार आहे?" बाई ओरडल्या.

काकांनी कान लावून पुन्हा आपटलं. "वरच्या बिजागरीचा आवाज पोकळ येतोय, बाई. उडवू नका."

मालकांनी घड्याळ पाहिलं.  तरी बाई म्हणाल्या, "खोला."

बिजागरीची खीळ अर्धीच बसली होती. वर गेल्यावर दार निखळून शेपटीवर आदळलं असतं. खीळ नीट बसवली, काकांनी पुन्हा आपटलं आणि मला थोपटून म्हणाले, "आता कसं, पोरी!"

दुपारी मी उडाले. अशी उडाले, की मालकांनी पुन्हा घड्याळाकडे बघितलंच नाही.

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला, की प्रत्येक विमानाचं सामानाचं दार आपटून ऐकायचं. आता मी शेडच्या कोपऱ्यात धूळ खाते, आणि नवी माणसं माझ्यावर हात बसवतात. उद्या माझ्या लेकी याच पोराच्या हाताखालून वर जाणार, म्हणून जीव टांगणीला लागतो.

आज त्यानं दार आपटलं, तशी मी बोललेच, "ए शहाण्या, तो फोन ठेव खिशात! काका दार आपटून कान लावायचे, तू आपटून पाठ फिरवतोस. हात चालतो रे तुझा. अजून कान उघडायचेत."