चंद्र विझवणारे वैद्य

मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पौर्णिमेचा चंद्र छपरांच्या वर आला होता आणि चंद्रवैद्य स्टुलावर उभे राहून त्याला दम भरत होते.

"आठ वाजून दोन मिनिटांनी तुला विझवतो! पळून दाखव!"

चंद्राने उत्तर दिलं नाही. पण बरोबर आठ वाजून दोन मिनिटांनी त्याची कड काळवंडली आणि माणसांनी धडाधड हात जोडले.

"बघितलंस?" गर्दीतला एक लाकूड कातणारा कातारी आपल्या बायकोच्या कानाशी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "जो चंद्र विझवतो, त्याला तुझी एवढीशी गाठ काय जड आहे?"

छातीतली गाठ एवढीशी होती ती चार महिन्यांपूर्वी. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीखसुद्धा दिली होती. कापाकापीच्या नावाने कातारीच गळाठला आणि बायकोला वैद्यांकडे घेऊन आला. वैद्यांचं शास्त्र सोपं होतं. चंद्र मी कापतो, तो घटेल तशी गाठ घटेल. चंद्र वाढायला लागला की म्हणायचे, "रोग वर येतोय, चांगली खूण आहे." चंद्र घटला तरी वैद्य बरोबर, वाढला तरी वैद्यच बरोबर. गाठीला तेवढं हे शास्त्र कळत नव्हतं. ती नुसती वाढत होती.

बायको बोलली नव्हती असं नाही. नवरा लेथवर पलंगाच्या खांबांचे लाकडी गोळे कातायचा आणि ती खिडकीशी बसून त्यांना रंग द्यायची. एकदा पांढरा गोळा उजेडात फिरवत ती म्हणाली होती, "अहो, चंद्राला कुणी कापत नाही. हे बघा तरी." तो खेकसला होता, "तुला काय कळतंय? गप बस."

आज ती गप बसली नाही. पिशवीतून तोच गोळा काढून ती स्टुलाजवळच्या दिव्यापाशी गेली.

"वैद्यबुवा, हा गोळा कापलेला आहे का?"

"छे! चांगला अख्खा आहे."

"हा चंद्र, दिवा म्हणजे सूर्य आणि माझं डोकं म्हणजे पृथ्वी." हात लांब करून, गोळा डोक्याहून जरा उंच धरून ती जागेवरच हळूहळू वळली. "दिव्याच्या बाजूला धरला की उजळलेली बाजू पलीकडे जाते, ही अमावस्या. थोडं वळलं की कोर. अजून वळलं की अर्धा. दिव्याकडे पाठ केली की पुरा गोल. उजेड कायम अर्ध्याच गोळ्यावर आहे, त्यातला आपल्याला दिसतो तो कमीजास्त."

मग पाठमोरं राहूनच तिने हात थोडा खाली घेतला. तिच्या डोक्याची सावली गोळ्यावर पडली.

"आणि हे आजचं ग्रहण. चंद्राची वाट जराशी तिरकी आहे, म्हणून एरवीच्या पौर्णिमेला तो सावलीच्या वरून नाहीतर खालून निसटतो. आज सापडला. आठ वाजून दोन मिनिटं ही वेळ आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात छापली आहे. वैद्यबुवा, एवढंच करा. उद्या विझवून दाखवा."

"उद्या..." वैद्य चाचरले. "उद्या चंद्र दमलेला असतो."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं मैदान हसलं. वैद्य चिडून ओरडले, "श्रद्धा नाही म्हणून गाठ वाढली तुझी!" पण स्टूल उचलून ते चालू लागले होते. हसणाऱ्यांतले चौघे त्यांच्या मागे धावले. वैद्यांकडचा उद्याचा नंबर त्यांना हवाच होता.

रात्री चंद्र पुन्हा लख्ख झाला. "बरा झाला बघ," कातारी पुटपुटला.

"त्याला काही झालंच नव्हतं," बायको म्हणाली. "झालंय ते मला."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिची गाठ आणि काख चाचपली, तपासण्या लिहून दिल्या. आठवड्याने कागद हातात धरून त्यांनी विचारलं, "चार महिने कुठे होतात?" रोग हाडात उतरला होता. तारीख द्यावी असं आता काही उरलं नव्हतं.

आता ती नाही. तो पांढरा गोळा लेथशेजारी असतो. गिऱ्हाईक आलं की कातारी हातातलं काम टाकतो, दिवा लावतो, चंद्राच्या सगळ्या कला दाखवतो, ग्रहण दाखवतो. म्हणतो, "चमत्कार दाखवणारा भेटला तर हात जोडू नका. उद्या पुन्हा कर म्हणावं. आणि अंगात गाठ हाताला लागली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा."

"कुणी शिकवलं हो तुम्हाला हे?" लोक विचारतात.

"बायकोने," तो सांगतो. "वेळेवर शिकवत होती. मी तिला गप बसवलं."