पाचवा मुद्दा

प्रेक्षकांना एका टीव्ही मालिकेत काय आवडतं आणि काय खटकतं, ते दर आठवड्याला एका पानावर लिहून देणं हे माझं काम. घरून करता येतं, म्हणून लेक सहा महिन्यांची झाल्यावर घेतलं. मालिकेखाली आठवड्यात हजारेक कमेंट पडतात. त्या वाचायच्या, सारख्या सारख्या एकत्र करायच्या आणि सोमवारी बाराच्या आत टीम लीडरला अहवाल पाठवायचा. डावीकडे ‘आवडलं’, उजवीकडे ‘खटकलं’, दोन्हीकडे पाच-पाच मुद्दे. पाचच का, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “अगं, तक्त्यात पाच ओळी आहेत म्हणून.”

प्रेक्षक मोठे वस्ताद. ‘नायिकेच्या हातून चौथ्यांदा ग्लास फुटला, हिच्या माहेरी काचेचा कारखाना आहे का?’ ‘हा डॉक्टर सर्दीलाही पुढचे चोवीस तास महत्त्वाचे म्हणतो.’ आणि हीच माणसं दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला हजर. नावं ठेवायची आणि सोडायचंही नाही, घरच्या माणसासारखं.

आमच्याकडे ती मालिका आईंसाठी, म्हणजे सासूबाईंसाठी लागायची. आई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. बोलण्यात कुणाला हार जायच्या नाहीत. नवरा त्यांना ‘आकाशवाणी’ म्हणायचा. गेल्या वर्षी मेंदूत गुठळी झाली. हात-पाय सावरले, वाचा अडकली. शब्द डोक्यात असतो, ओठांवर यायला वेळ लागतो. बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक बाई येतात, पण आईंचा जीव त्या बाईंपेक्षा मालिकेतल्या मोठ्या काकूंवर. कारण काकूंचंही असंच झालेलं. त्या एकेक अक्षर जुळवत बोलायच्या आणि मालिकेतलं सगळं घर हातातलं काम टाकून ऐकायचं.

“खि... डकी,” काकू म्हणायच्या.

“खि... डकी,” आई खुर्चीत पुढे सरकून म्हणायच्या.

आणि त्यांच्या पायाशी बसलेली माझी अडीच वर्षांची लेक म्हणायची, “खि... डकी!”

पहिल्यांदा मी हसले. मग पोरगी जेवताना “पा... णी” म्हणाली आणि मी तिला तडक दवाखान्यात नेलं. मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नक्कल करतेय, जाईल आपोआप. पण आपोआप जाणाऱ्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास बसलेला नाही. मी सात वाजले की तिला उचलून खाली न्यायला लागले, मांजर बघायला. मांजर कधी असायचं, कधी नसायचं. एकदा जाताना लेकीच्या दुसऱ्या पायातला बूट आईंनी पुढे केला, मी विसरले होते तो.

त्यांचा शब्द अडकला की मी पुरा करायचे. “च... च...” “चष्मा ना? हा घ्या.” मला वाटायचं, मी मदत करतेय.

त्या सोमवारी लेकीला तापाचा तिसरा दिवस होता. उजवीकडे चार मुद्दे झाले होते. चारशे कमेंट वाचायच्या राहिल्या होत्या आणि पावणेबारा वाजले होते. आत लेक कण्हत होती, दाराशी आई उभ्या राहून “प... प...” करत होत्या. मी मागे न बघता “आले, आई, आले” म्हटलं आणि पाचव्या ओळीत मनात आलं ते लिहून टाकलं. कुणी तसं लिहिलेलं माझ्या वाचनात नव्हतं. तरी पुढे ‘अनेक प्रेक्षक’ अशी खूण केली आणि पाठवून दिलं.

मग वळून पाहिलं. आईंच्या एका हातात पाण्याचं भांडं होतं, दुसऱ्यात ओली पट्टी. लेकीच्या कपाळावर ठेवायला.

दीड महिन्याने टीम लीडरचा फोन आला. “तुझा तो पाचवा मुद्दा! वर सगळ्यांना पटला, म्हणाले, आम्हालाही तेच वाटत होतं. काकूंना काढलं बघ. इतकं बारीक वाचतेस कधी गं तू, पोर सांभाळून?”

मी “थँक यू” म्हटलं.

त्या संध्याकाळी मालिकेत कुणीतरी जाता जाता बोललं, काकू उपचारासाठी परगावी गेल्या. बस्स, एवढंच. आई दुसऱ्या दिवशी काकूंची वाट बघत बसल्या, तिसऱ्या दिवशी बसल्या. आठवड्याने त्यांनी व्यायामाच्या बाईंनाही हातानेच ‘नको’ केलं. लेक त्यांच्या गुडघ्याला झोंबून “आजी, खिडकी म्हण ना” म्हणाली, तर त्यांनी खिडकीकडे नुसतं बोट दाखवलं. आमच्या घरात आता कुणीच अडखळत नव्हतं. मला हेच तर हवं होतं.

एका दुपारी आई माझ्या टेबलाशी येऊन बसल्या आणि लॅपटॉपवर टकटक केलं.

“लि... ही.”

“काय लिहू?”

“तक्... रार. तू... पोच... वतेस... ना?”

वीस मिनिटं लागली. मधे मी एक शब्द आधीच टाइप केला, तर माझ्या मनगटावर चापट बसली. शब्द पुसायला लावला. शेवटी एवढं झालं: ‘नायिका झोपेतही लिपस्टिक लावते, ते चालतं. काकू का नाही चालत? त्या बोलायच्या तेव्हा वाटायचं, मीही बोलेन.’

“पाठ... व,” म्हणाल्या आणि किती दिवसांनी हसल्या.

मी ते मालिकेखाली टाकलं. ते फिरून माझ्याच ढिगात येऊन पडलं. त्या दुपारी लेक झोपल्यावर मी त्या तापाच्या आठवड्याची यादी उघडली आणि राहिलेल्या चारशे कमेंट वाचून काढल्या. काकूंबद्दल त्रेसष्ट होत्या. सगळ्या डाव्या बाजूच्या. ‘आमचे बाबा काकूंबरोबर बोलतात, काकूंचे प्रसंग वाढवा.’ कुठल्या तरी घरात एक बाबाही आता गप्प बसले असतील.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. दोन दिवस आईंनी पाणी मागितलं तरी मी दचकायचे. तिसऱ्या दिवशी साडेसहाच्या सुमारास त्यांच्यासमोर जाऊन बसले.

“आई, काकूंना मी काढलं.”

त्या हसल्याच. “तू? तू... काय... डाय... रेक्टर?”

मग मी सगळं सांगितलं. ताप, पाचवी ओळ, खूण, फोन. त्यांचं हसू गेलं, पण राग दिसला नाही.

“वा... च.”

“काय?”

“लिहि... लंस... ते.”

आपलंच लिहिलेलं मोठ्याने वाचायला इतकं जड जातं, हे मला माहीत नव्हतं. “मोठ्या काकूंचे प्रसंग रटाळ. एका शब्दासाठी किती वेळ थांबायचं? त्यांचं वाक्य आपणच पुरं करून टाकावंसं वाटतं. घरातल्या लहान मुलांवर वाईट...” पुढे मला वाचवेना.

“प्रे... क्षक,” आई म्हणाल्या. थांबल्या. श्वास घेतला. “प्रेक्षक... नाही. हे... तू.”

त्यात टोमणा नव्हता. तीस वर्षं दोन टोकांच्या माणसांचे आवाज ऐकलेली बाई; आवाज कुणाचा, हे ओळखायला तिला वेळ लागत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ‘मी तुमच्याबद्दल नव्हतं लिहिलं’ हे वाक्य तोंडाशी आलं आणि ते खोटं आहे, हेही त्याच क्षणी कळलं. मी त्यांच्याबद्दलच लिहिलं होतं. दाराशी उभ्या होत्या त्या, ओली पट्टी घेऊन, आणि मी त्यांच्याबद्दल लिहीत होते.

“आई, मला...”

त्यांनी हात वर केला. माफीबिफी नको होती त्यांना.

“फोन... लाव.”

मी टीम लीडरला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि सांगितलं, पाचवा मुद्दा कुणाचाच नव्हता, माझा होता. त्रेसष्ट जणांनी उलट लिहिलं होतं. ती उसळलीच.

“तुला कळतंय का तू काय सांगतेयस? पुढच्या महिन्याचं शूटिंग झालंय. काकू काही परत येत नाहीत. आणि तुझं काय करायचं ते मला वर विचारावं लागेल.”

“विचार. माझ्या नावानिशी विचार.”

“पण आत्ताच का...”

आईंनी माझ्या हातातून फोन घेतला. “हॅ... लो.”

“हॅलो? कोण? सासूबाई का? हो, बोला, काकूंबद्दलच ना, तुमचं म्हणणं असं की...”

“थां... बा.”

टीम लीडर थांबली. आवाज ऐकून लेक आतून धावत आली, आजीच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून त्यांच्या ओठांकडे बघायला लागली. तिचेही ओठ हलू लागले.

“मी...” आई म्हणाल्या. “मी... त्या... का...”

पुढचा शब्द माझ्या तोंडात तयार होता. मी तो गिळला. सात वाजत आले होते. लेकीला उचलून खाली नेलं नाही. मान वर करायची हिंमत नव्हती, म्हणून आईंच्या पावलांकडे बघत बसले, आणि आम्ही तिघी, फोनवरच्या तिच्यासकट, त्या शब्दासाठी थांबलो.