नाक्याची खोली आणि तेवीस बायका

आमच्या गावाला सातवीपुढं वर्ग नव्हता. ग्रामसभेनं खोली दिली तर आठवी उघडू, असं वरून लेखी आलं होतं. मोकळी म्हणावी अशी खोली गावात एकच, सोलापूर रस्त्यावरचा निजामाच्या वेळचा करोडगिरी नाका. जकात घेणारे शिपाई गेले, राज्यही गेलं, मग हणमंतप्पा अडत्यानं नाक्याला आपलं कुलूप ठोकलं. आत त्याची पेंडीची पोती.

माझ्या वडलांचं म्हणणं एका वाक्याचं. "शिवगंगे, आठवी गावात झाली तर शीक, न्हाय तर माघात लगीन." म्हणजे ती पोती हलली तर मी शाळेत, नाही तर अक्कलकोटच्या भुसार दुकानदाराच्या चुलीपुढं.

सेवा मंडळाची मुलींची शाखा सकिनाबींच्या पडवीत भरायची. त्या नळदुर्गहून आलेल्या, शिवण शिकवणाऱ्या. त्यांची रीतच वेगळी. एकीनं जळणाच्या ओंडक्यावर उभं राहून बोलायचं आणि बाकीच्यांनी तिला टोचायचं. हणमंतप्पाची पोरगी महादेवी यात सगळ्यांत वाईट. "आधी नाक पूस," म्हणायची, "घोडीवानी दात काढू नगं." मी पहिल्या आठवड्यात दोनदा रडले. दिवाळीपर्यंत टोमण्यांशिवाय मला बोलायलाच सुचेना. दुसरा नियम असा, की ज्याचं काम त्यानं बोलायचं. सकिनाबी तोंड उघडणार नाहीत.

ग्रामसभा चावडीवर. बायका तिथून जाताना वहाणा हातात घेतात, वर चढणं दूरच. घरोघर फिरून आम्ही मत द्यायला बावीस बायका गोळा केल्या होत्या, त्या खाली लिंबाखाली बसल्या.

"काय बलभीमराव, आज बाजार भरवला का?" हणमंतप्पानं सरपंचांना विचारलं.

"मंडळाचं खूळ," सरपंच म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "तुला मत न्हाय पोरी. तू कशाला उभी?"

"मत न्हाय, तोंड हाय."

मी बोलले. कुणी खोकलं, कुणी शिट्टी मारली. "शांतलिंग, पोरगी आवर. सासरी चावडी बसवंल." वडील जमिनीकडं बघत राहिले. मला त्याचं काही वाटलं नाही. महादेवी याहून वाईट बोलायची.

खरा घोळ पुढं झाला. ग्रामसेवकांनी वही उघडली. "हात नंतर. आधी हजेरी. यादीत बाईचं नाव नवऱ्याच्या नावासकट हाय. पुरं सांगा."

पहिली माझी आई. "प्रेमाबाई," म्हणाली आणि थांबली.

"कुणाची? यादीत तीन प्रेमाबाया हायत."

आईनं पदर दातात धरला. पाच महिने आम्ही त्या ओंडक्यावर घसा फोडला, पण हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. आमच्या कुणाच्या घरात आईच्या तोंडून वडलांचं नाव कधी ऐकलेलंच नाही, मग आठवणार कसं?

चावडी खदाखदा हसली. "उखाणा घ्या की," हणमंतप्पा म्हणाला. "आमी ऐकतो."

मी सकिनाबींकडं बघितलं. ओठ घट्ट मिटून त्या माझ्याकडंच बघत होत्या. त्या क्षणी मला त्यांचा सगळ्यांपेक्षा जास्त राग आला.

"प्रेमाबाई शांतलिंग," मी म्हणाले.

वडलांची मान झटक्यानं वर आली.

"हिला मत न्हाय, ही कशी बोलती?" हणमंतप्पा उठलाच.

"नाव सांगायला मत लागत न्हाय," ग्रामसेवक म्हणाले. "बाईनं मान हलवली की झालं." आईनं हलवली.

"अजीजाबी," पुढची म्हणाली.

"वली," मी म्हणाले.

"बापाच्या वयाच्या माणसांची नावं अशी उघडी घेतीस?" सरपंच गरजले.

"यादीत राव लावलेला न्हाय, बलभीमराव. यादीत हाय तसं बोलते."

बाई स्वतःचं नाव सांगे, मी नवऱ्याचं. हसणं हळूहळू बंद झालं, कारण वर बसलेला प्रत्येकजण आता आपलं नाव कधी येतंय म्हणून दबून बसला होता. बावीस नावं संपली. वही मिटणार तेवढ्यात लिंबाच्या मागून एक बाई पुढं आली. तिच्या घरी आम्ही गेलोच नव्हतो.

"पार्वतम्मा," ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघितलं. महादेवीची आई.

"घेऊन बघ नाव," हणमंतप्पा माझ्यावर ओरडला. "जीभ हातात देतो."

"पार्वतम्मा हणमंतप्पा."

खोलीचा ठराव दोन हात जास्त पडून मंजूर झाला.

त्या हंगामात हणमंतप्पानं आमच्या शेंगा घेतल्या नाहीत. वडलांना गाडी सोलापूरला हाकावी लागली. महादेवीला घरातच कोंडलं, ती नाक्यापर्यंत पोचली नाही. वडील माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. आईला म्हणाले, "कुत्रं हाकारावं तसं बापाला हाकारलं."

तरी वर्ग उघडला त्या दिवशी ते माझ्या पुढं दहा पावलं चालत नाक्यापर्यंत आले. आत पेंडीच्या वासानं मास्तर शिंकत होते. "वडलांचं नाव?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं.

"तू गप," वडील म्हणाले. "माझं मी सांगतो."