उठलेली पंगत

महाशिवरात्रीला ढग्याच्या डोंगरावर पाय ठेवायला जागा उरत नसे. गावोगावच्या बैलबंड्या सुटायच्या, झाडाझाडाखाली पालं पडायची आणि दुसऱ्या दिवशी उपास सोडायला गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे जाड रोडगे भाजले जायचे.

मागल्या साली सखूची माय रामबाई तशीच एका झाडाखाली विस्तवापाशी बसली होती. लेकीची कूस उजवावी म्हणून तिनं नवस बोलून निर्जळी उपास धरला होता. रूपराव पाटलाला नेमकी तीच सावली हवी होती. "सरक वं म्हातारे!" म्हणत त्यानं बंडी सरळ विस्तवावरून घातली. रोडगे मातीत गेले. रामबाई उपाशीच डोंगर उतरली. नवस मोडला, या धसक्यानं तिनं अंथरूण धरलं आणि पोळ्याआधीच गेली.

औंदा रूपरावाला सरपंच व्हायचं होतं. त्यानं साऱ्या पालांना जेवणाचं आवतण दिलं.

"आपुन नोको जाऊ," सखूचा नवरा लहानू म्हणाला.

"काऊन नोको? मी त पहिल्याच पंगतीत बसतो."

ती बसली, अगदी मधोमध. पत्रावळीवर वांग्याची भाजी आली, रोडग्यावर तूप पडलं. रूपरावानं हात जोडून 'हर हर महादेव' म्हटलं. लोकांनी घास उचलले, तोच सखू उभी राहिली.

"काऊन उठली वं?" रूपरावानं विचारलं.

"माह्या मायच्या रोडग्यायवरून बंडी घातली तुमी. उपाशी गेली ते. तुमचं अन्न मले नाई गिळत."

पंगतीत कोणी हललं नाही. सखूला वाटलं, एकटीच पडते की काय! मग कोपऱ्यातली आनंदाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "मी पाह्यलं होतं, अन् गप राह्यली," ती म्हणाली. तिच्यामागे तिच्या सुना उठल्या, मग गडीमाणसं. बघता बघता वाढलेल्या पत्रावळी तेवढ्या उरल्या.

सखूला वर्षभरात पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला.

ऊन कलल्यावर रूपराव तिच्या पालामागे आला. आवाज खाली घेऊन म्हणाला, "चुकलं माह्यं, बाई. माफ कर."

"तिथं म्हणा. सगळ्यायसमोर."

त्यानं पंगतीच्या जागेकडे एकदा पाहिलं. मग तो आल्या वाटेनं परत गेला.

"वावरात काम नाई देईन आता तो आपल्याले," लहानू कळवळून म्हणाला.

"नोको देऊ." सखूनं पालाची दोरी सोडली. खाली उताराला रूपरावाची माणसं भाजीच्या कढया गुरांपुढे रिकाम्या करत होती. ती हात थांबवून शेवटची कढई रिकामी होईपर्यंत बघत राहिली.